पुरायची पानं

६ जानेवारी

गॅलरीवाली बाई आज घरी येऊन गेली. जेवणाच्या टेबलावर मी सात चित्रं मांडून ठेवली होती. चित्रं म्हणायला जीभ रेटत नाही. बाद नकाशांवर चिकटवलेले कागद आहेत ते. सहा चित्रं तिने दोन मिनिटांत 'छान, छान' करत उरकली. सातव्यापाशी वाकली, चष्मा कपाळावर चढवला आणि म्हणाली, "हे काय आहे?"

सातव्यात पाणीपुरवठ्याच्या जुन्या नकाशावर एक हिब्रू पान आहे. आईच्या प्रार्थनेच्या पुस्तकातून सुटलेलं. ती गेल्यावर कपाटात सापडलं, कुठे हरवू नये म्हणून नकाशावर लावलं, इतकंच. मला ते वाचताही येत नाही. हे सगळं सांगितलं. आई ज्यू होती, बाबा नव्हते, मी दोन्हीकडची आणि कुठलीच नाही, हेही नको तेवढं सांगून बसले.

"मॅडम, हेच! यातलं अजून काय आहे तुमच्याकडे?"

'यातलं'. जसं काही पडद्याच्या कापडाचं ठाण उघडून बसले आहे. नाही म्हणायचं होतं मला. आणि तोंडाने म्हणाले, "बघते." एप्रिलमधली तारीख ठरली.

एकोणीस वर्षं मी सरकारी दप्तरखान्यात फाटके नकाशे दुरुस्त करते. प्रत्येक नकाशासोबत एक कार्ड जातं: काय खराब होतं, काय केलं, कशाने चिकटवलं, कशाने सुटेल. माझ्यासोबत असं कार्ड नाही. म्हणून ही वही.

१० जानेवारी

बाद नकाशे घरी नेण्यासाठी साहेबांकडे रीतसर अर्ज केला. एकतीस नकाशे, प्रत्येकाचा क्रमांक, बाद ठरवल्याची तारीख. साहेब म्हणाले, "अहो, हे परवा लगद्याच्या गिरणीत जाणार होते. घेऊन जा, कोण विचारतंय!" मी म्हटलं, सही हवी. त्यांनी सही केली, वर सुस्कारा सोडला.

नवरा म्हणाला, "तू स्वर्गाच्या दारातसुद्धा पोचपावती मागशील."

मागीन. त्यात हसण्यासारखं काय आहे?

आमच्या कामाचा एकच मोठा नियम आहे. जे लावाल ते पुन्हा सोडवता आलं पाहिजे. म्हणून गव्हाच्या पिठाची खळ. थोडा ओलावा दिला की पन्नास वर्षांनीही सुटते. आपण चूक असू शकतो, हे धरूनच चिकटवायचं असतं.

१७ जानेवारी

सिनेगॉगला गेले. आता तिथे राहिलंय काय, तर एक दार आणि ते उघडणारा राखणदार. तो स्वतः ज्यू नाही, पण चाळीस वर्षं तिथे आहे आणि सगळे नियम त्याला तोंडपाठ आहेत. मावशी त्याला 'कुलूप' म्हणते, तेही तोंडावर. त्याला ते आवडतं.

मागच्या खोलीतल्या कपाटात गोणी होती. दार उघडताच बुरशीचा असा भपकारा आला की डोळ्यांत पाणी उभं राहिलं. जीर्ण पुस्तकांची सुटलेली पानं, कडा कसरीने खाल्लेल्या, मधूनच झुरळाची अंडी. हात घालवेना. पण खाली, त्या घाणीत, अक्षरं अशी काळीभोर की कालच छापल्यासारखी.

"ही टाकायची नसतात," राखणदारकाका म्हणाले. "देवाचं नाव आलेला कागद जाळायचा नाही, रद्दीत द्यायचा नाही. माणसासारखा मातीत ठेवायचा. जागा झाली की ठेवू."

"जागा कधी होते?"

"कोणी गेलं की. त्याच्या शेजारी."

मग त्यांनी माझ्याकडे निरखून पाहिलं. "तुम्ही कागदाच्या डॉक्टर ना? मावशी नेहमी सांगतात."

"हो. नेऊ का? साफ करून ठेवीन."

"न्या की! जाताना तरी स्वच्छ जाऊ देत."

मी खोटं बोलले नाही. साफ करणारच आहे. पण यात खरं किती आणि अर्धवट किती, असं रस्त्यात स्वतःला विचारत होते, तेवढ्यात सिग्नल सुटला.

संध्याकाळी मावशीचा फोन. "कुलपाने सांगितलं. एकशे अठरा आहेत. मी मोजलीत. मला मोजून परत हवीत."

"अगं, हो मावशी."

"हो मावशी काय? आकडा सांग."

"एकशे अठरा."

३ फेब्रुवारी

पंधरा दिवस रोज गच्चीत बसून, तोंडाला फडकं बांधून बुरशी झटकते आहे. नाकातून काळं येतं. केसांना वास. नवरा म्हणतो, "तू आलीस की कोणीतरी तळघराचं दार उघडलंय असं वाटतं."

पण पानं सुंदर निघाली. प्रत्येक पानाच्या खालच्या कोपऱ्यात एक तेलकट, करडा डाग होता. खोडरबराची पूड करून, कापसाने हलके गोल फिरवत, एकशे अठरा कोपरे साफ केले. एकही चरा नाही. मान मोडून गेली, पण इतकं बरं वाटलं.

आज त्यातली दहा मावशीला दाखवायला नेली. तिच्या खोकल्यात आता शिट्टी वाजते. बेडक्यासाठी उशाशी डबा ठेवते, तो मी रिकामा केला आणि बाथरूममध्ये मला उमासा आला. मग स्वतःचीच शिसारी आली. आईची सख्खी बहीण!

तिने पान हातात घेतलं, खिडकीकडे धरलं आणि अंगठा कोपऱ्यावर फिरवला.

"इथला डाग कुठाय?"

"काढला. बघ ना, कसं लख्ख..."

"तो माझ्या बापाचा अंगठा होता गं. आणि त्याच्या बापाचा. पान उलटायची जागा ती." तिने पान खाली ठेवलं. "इतकी हुशार कशी झालीस तू?"

एकशे अठरा! एकही सोडला नाही मी.

११ फेब्रुवारी

मावशीने पांढऱ्या सुती कापडाची पिशवी शिवायला सांगितली आहे, पानांसाठी. गोणी किती लांब भरते, रुंदी किती, उंची किती, सगळं विचारून घेतलं. शिवताना दोऱ्याला गाठ मारायची नाही म्हणे, टोक तसंच सोडायचं. पिशवीला एक मीटर पुरे, हिने आठ मीटर आणलंय. एकाच ठाणातलं. उरलेल्याचं काय करणार विचारलं, तर म्हणाली, "कामाला येईल."

म्हातारपणी माणसं साठवायला लागतात. कुठे ठेवणार आहे ही एवढं कापड, खोली वीतभर!

२२ फेब्रुवारी

गॅलरीवाली आली होती. चौदा छोटी चित्रं तयार आहेत, प्रत्येकात एक अख्खं पान. मी कुठेही कात्री लावलेली नाही, हे तिला तीनदा सांगितलं. मलाच ऐकायचं होतं बहुतेक.

ती जरा हिरमुसली. "फारच स्वच्छ आहेत, मॅडम. म्हणजे, काय म्हणू, वेदना दिसत नाही. कडा थोड्या जाळता येतील?"

"नाही."

"चहाचे डाग?"

"मी पंधरा दिवस डाग काढत होते."

"अरेरे," ती म्हणाली, आणि ते अगदी मनापासून. डागांसाठी हळहळणाऱ्या दोनच बायका मला माहीत आहेत. एक मावशी आणि ही. या हिशेबाने मीच एकटी वेडी ठरते.

जाताना म्हणाली, "एक मोठं हवं. भिंतभर. लोकांनी दारातून आत आल्या आल्या थबकलं पाहिजे."

नवरा आतून ओरडला, "आमच्याकडे भिंतभर ओल आहे, चालेल का?"

८ मार्च

मोठ्याचं सुचलं. आठ नकाशे जोडून एक. ज्या गल्लीत मावशी आणि आई लहानाच्या मोठ्या झाल्या तो भाग. आता तिथे गोदामं आहेत, पण नकाशात प्लॉट आहेत, घरं आहेत, विहीरही आहे.

नकाशाची प्रत घेऊन मावशीकडे गेले. ती उठून बसली. इतकी खूश मी तिला वर्षात पाहिली नव्हती. बोट ठेवत गेली. "हा घड्याळजी. हा शिंपी, बायकोला घाबरायचा. हा तेलवाला. इथे दोघी बहिणी, एकमेकींशी बोलायच्या नाहीत, एकाच चुलीवर स्वयंपाक. हे आपलं. आणि इथून तुझी आई पळाली तुझ्या बापाबरोबर, या बोळातून. मी पाहिलं होतं, सांगितलं नाही कोणाला."

"मग माफ केलंस ना तिला?"

"छे! पण दर रविवारी तिच्याकडे जेवायला जात होतेच की. माफीशिवायही चालतं पुष्कळ."

तेवीस घरं भरली. मी तेवीस खुणा केल्या. कशासाठी ते तिने विचारलं नाही. मीही सांगितलं नाही. तिला थकवा आला होता, असं मी आत्ता लिहिते आहे. आला होताच. पण मी त्याआधीच पेन्सिल खिशात घातली होती.

२९ मार्च

हे लिहायलाच हवं.

एका काळी आमच्या खात्याने हजारो नकाशांवर प्लॅस्टिकचा पातळ थर चढवला, टिकावेत म्हणून. खात्याचं ते पापच आहे. त्या गल्लीचे आठही नकाशे त्यातले. खळ प्लॅस्टिकला धरत नाही, हे मला ठाऊक होतं. तरी दाट लावून, वजन ठेवून, तेवीस घरांवर तेवीस पानं बसवली. काल गॅलरीत मोठं चित्र टांगलं. आज सकाळी फोन आला: पानं गळताहेत.

गेले. एसीच्या कोरड्या हवेत कडा वळल्या होत्या, पाच पानं जमिनीवर. एकावर कोणाचं तरी पाऊल उठलेलं. गॅलरीवाली म्हणाली, "मॅडम, उद्घाटन सहा दिवसांवर आलंय. पत्रिका गेल्यात. आमचा सुतार आहे ना, त्याच्याकडे गोंद आहे. पांढरा. हत्तीला चिकटवेल."

सुताराने डबा पुढे केला. मी तो नाकाशी धरला. आंबट वास येतो त्याला, नासलेल्या दुधासारखा.

तो म्हणाला, "ताई, एकदा लावलात की बापजन्मात सुटणार नाही."

कौतुकाने म्हणाला बिचारा.

मी लावला. तेवीसच्या तेवीस. शेवटची सात-आठ पानं लावताना मी शीळ घालत होते. कार्डावर लिहिते: कशाने चिकटवलं – गोंद. कशाने सुटेल –

४ एप्रिल

उद्घाटन झालं. लोक आत येऊन थबकले. खरंच थबकले.

मला सगळ्याचीच किळस आली. कागदी पेल्यातल्या कोमट सरबताची. "किती रॉ आहे" म्हणणाऱ्या माणसाची. एका बाईने मोठ्या चित्राला पाठ लावून फोटो काढून घेतला, तिचा अंबाडा शिंप्याच्या घरावर. एकाने विचारलं, "हे खरं आहे की बनवलेलं?" गॅलरीवाली म्हणाली, "अस्सल! यांच्याच घरातलं!" आणि तिचा हात माझ्या खांद्यावर, ओलसर.

मोठ्या चित्रावर लाल टिकली लागली, म्हणजे विकलं गेलं. कुठल्यातरी कंपनीच्या स्वागतकक्षात जाणार आहे, सोफ्याच्या वर.

किळस आली हे खरं. पण लोक दुसऱ्या चित्रांकडे वळले की मी मोठ्याच्या जवळ जाऊन उभी राहत होते, कोणी ओळखावं म्हणून. चार वेळा. हेही खरं.

१२ एप्रिल

मावशीने आज दार लावायला सांगितलं आणि म्हणाली, "डॉक्टर पंधरा दिवस म्हणतोय. तो मूर्ख आहे, दहा धर. आता नीट ऐक. पानं पिशवीत भर, तोंड शीव, गाठ न मारता. माझ्या उजव्या बाजूला ठेवायची. कुलपाला सांगून ठेवलंय, खड्डा तेवढा रुंद घेणार आहे. माझ्यानंतर इथे कोण मरणार? सगळे बाहेर गेले. ही शेवटची जागा आहे पानांना."

कापड कोपऱ्यात घडी करून ठेवलं होतं. सात मीटर. तिच्या अंगावरून माझी नजर कापडाकडे गेली, कापडावरून तिच्याकडे.

"आत्ता कळलं होय?" ती म्हणाली. "शाबास!"

"मावशी, मी... मला ते सगळं येत नाही. मी तुमच्यातली धड आहे तरी का?"

"आईकडून येतं ते. तुला विचारून येत नाही. चार दिवसांनी आण सगळी, मला बघायचीत. एकशे अठरा."

जिन्यात बसून राहिले. एक्याऐंशी घरी आहेत. चौदा छोट्या चित्रांत. तेवीस सुताराच्या गोंदात.

१३ एप्रिल

रजा टाकली. चौदा छोटी चित्रं गॅलरीतून उचलून आणली. गॅलरीवाली दारात आडवी उभी. "तुम्ही करार केलाय! छापील यादीत आहेत ती!" मी म्हटलं, "यादीत राहू देत." तिला वाटलं मी विनोद केला.

ओला टिपकागद, त्यावर पान, वर काच, वीस मिनिटं. मग हाडाची पट्टी कडेखाली सरकवायची, आणि पान स्वतःहून उठतं, झोपेतून उठल्यासारखं. चौदाच्या चौदा सुटली. दिवसभर नवरा टिपकागद बदलत होता. एकदाही थट्टा केली नाही. त्यामुळे जास्तच भीती वाटली.

१५ एप्रिल

गॅलरीत, सकाळी उघडायच्या आधी, तेलवाल्याच्या घरावर प्रयोग. वाफ दिली. काही नाही. नखांचा रंग काढायचं रसायन कापसावर घेऊन कोपऱ्याला लावलं. गोंद फुगला, चिकट मलई झाली, आणि पट्टी सरकवताच पान मधोमध सोललं गेलं. अक्षरांची साय माझ्या पट्टीवर, खालचा कागद नकाशावर. जखमेवरची पट्टी ओढली की कातडं येतं तसं.

थांबले. उरलेली बावीस तशीच.

मग मी जे केलं ते इथे लिहिते, कारण दुसरीकडे कुठे लिहिणार? कामावर जाऊन जुन्या वह्यांचे कोरे कागद काढले, त्याच रंगाचे. तेवीस पानांचे फोटो माझ्याकडे होते. ते त्या कागदांवर छापले. कडा हाताने झिजवल्या. चहाचं पाणी पातळ करून, कोपऱ्यात अंगठ्याचे डाग पाडले, थोडं तेल लावून. खऱ्यांचे मीच पुसले होते, निदान यांना असू देत. फार छान जमले. गॅलरीवालीने मिठी मारली असती.

डोळ्यांना तिला कमी दिसतं, हा विचार माझ्या मनात अगदी स्पष्ट शब्दांत आला होता.

१६ एप्रिल

पिशवी तिच्या मांडीवर ठेवली. मोजली तिने, बोटांना थुंकी लावून. सव्वा तास. एकशे अठरा भरली. माझा श्वास सुटला.

मग ती पुन्हा पहिल्यापासून गेली आणि पानं नाकाला लावू लागली. एकेक बाजूला काढलं. तेवीस.

"यांना वास नाही."

मी पिशवीचं तोंड आवरू लागले.

"बुरशी कुठे गेली? आणि डाग उजव्या कोपऱ्यात पाडलेस, बाई. आपली पुस्तकं उलट्या बाजूने उघडतात. हा अंगठा कोणाचा?"

सगळं सांगितलं. दुरुस्तीच्या नावाखाली नेली तिथपासून सुताराच्या डब्यापर्यंत. शीळही सांगितली. ती भिंतीकडे तोंड करून पडली होती. मला वाटलं रडते आहे. खोकत होती.

"आता ही नकलीसुद्धा पुरावी लागतील," ती म्हणाली. "नाव छापलंस ना त्यांच्यावर. काम वाढवून ठेवलंस नुसतं."

"मावशी, खरी सुटत नाहीत गं. मी ओढली तर फाटतील. भिंतीवर आहेत ती."

"मग भिंत आण."

"अगं, विकलं गेलंय ते."

"तू विकलंस. मी नाही." मग थोड्या वेळाने, "आणि तोंड वेंगाडू नकोस. डबा दे तो."

मी डबा धरला. आज उमासा आला नाही. तेवढ्यानेच स्वतःविषयी बरं वाटलं, आणि बरं वाटल्याचा लगेच वीट आला.

१८ एप्रिल

नवऱ्याला घेऊन गेले. गॅलरीवाली म्हणाली, पोलिसांना बोलावते. नवरा म्हणाला, "बोलवा की. तोवर शिडी कुठाय?"

चौकटीतून नकाशा सोडवला. जाड, कापडाचं अस्तर लावलेला; पानं आतल्या बाजूला घेऊन गुंडाळला. दोघांनी दोन टोकं धरून बाहेर आणला, सतरंजीसारखा. ती मागून ओरडत होती, "तुम्हाला पुन्हा कोणी जागा देणार नाही! कुठेच!" मग एकदम आवाज उतरवून म्हणाली, "मॅडम, निदान मला सांगून तरी करायचं. मी त्या चित्राखाली रोज उभी राहत होते हो."

तिच्याबद्दल मी या वहीत जे जे लिहिलं आहे, त्यातलं निम्मं तरी मला स्वतःबद्दल लिहिता आलं असतं.

गुंडाळी मावशीच्या पलंगाला लागून उभी केली. तिने हात लावून पाहिला. "लांब आहे," इतकंच म्हणाली. आणि खूप वेळाने, "शिंपी वर आला का घड्याळजी?"

"वर घड्याळजी. शिंपी आत."

"मग बायको खूश असेल."

२१ एप्रिल

मावशी काल पहाटे गेली. डॉक्टरचं खोटं करून, आठव्या दिवशी.

बाहेरगावाहून दोन वयस्क बायका आल्या, त्यांनी आणि मी तिला आंघोळ घातली. त्या सांगत गेल्या, मी करत गेले. सात मीटर कापड बरोबर पुरलं. प्रार्थनेला दहा पुरुष लागतात. दुपारपर्यंत नऊ जमले. दहावा दीड तास उशिरा आला, रस्ता चुकला म्हणून. राखणदारकाका त्याच्यावर असे खेकसले की जणू तोच मेला आहे.

पिशवी तिच्या उजव्या बाजूला ठेवली. गुंडाळी मावेना. खणणाऱ्याने पायाकडची माती आणखी हातभर काढली.

तेवढ्यात काकांनी नकाशाची कड चिमटीत धरून पाहिली. "हे काय आहे? प्लॅस्टिक?"

"हो."

"हे कुजत नाही, बाई. पानं मातीत माती व्हावीत म्हणून ठेवायची. यात ती तशीच राहतील. तुम्ही-आम्ही गेलो तरी."

मी हो म्हटलं. एकोणीस वर्षं मी हेच शिकले आहे, कागद मातीपासून कसा वाचवायचा. इतकं टिकाऊ काम माझ्या हातून दुसरं झालेलं नाही.

"मग काय करायचं?" मी विचारलं.

ते खड्ड्याकडे पाहत राहिले. दहाही पुरुष आमच्याकडे पाहत होते. "मावशी काय म्हणाल्या होत्या?"

"भिंत आण म्हणाली."

"मग मी कोण?" ते म्हणाले, आणि खाली उतरून त्यांनी स्वतः ती तिच्या कुशीला लावली.

२४ एप्रिल

आज सकाळी गॅलरीवालीचा फोन. मला वाटलं वकिलाबद्दल असेल. आवाज वेगळाच होता, हळवा.

"ऐकलं मी. सुताराचा भाऊ तिथे खणायला होता. मॅडम, तुम्ही काय केलंत तुम्हाला कळतंय का? काम जमिनीत पुरलंत! ते कंपनीवाले आता मूळ चित्रापेक्षा जास्त... ते जाऊ दे. फोटो आहे ना? एक तरी?"

"नाही."

"एकही नाही?"

"तिथे कोण फोटो काढतं?"

फोन ठेवला.

मी काढला होता. काकांनी गुंडाळी लावली आणि ते वर येत होते तेव्हा, पदराआडून. दुरुस्ती संपली की शेवटची स्थिती टिपायची, ही सवय आहे हाताची; असं मी तीन दिवस स्वतःला सांगते आहे. पण सवयीने काढलेला फोटो माणूस असा जुळवून घेत नाही. मी एक पाऊल डावीकडे सरकले होते, फावडं चौकटीत येऊ नये म्हणून.

फोटो चांगला आला आहे. पांढरं कापड, पिवळी माती, गुंडाळीच्या तोंडातून दिसणारा एका पानाचा कोपरा. भिंतभर केला तर लोक थबकतील.

साडेअकरा वाजता पुसला. फोन म्हणाला, तीस दिवस ठेवतो, मन बदललं तर. तिथूनही पुसला. त्याआधी मात्र एकदा मोठा करून, नीट, कानाकोपरा पाहून घेतला.